खनिजे आणि जीवसृष्टी यांची सहउत्क्रांती

खनिजे आणि जीवसृष्टी यांची सहउत्क्रांती : पृथ्वीच्या सु. ४५४ कोटी वर्षांच्या इतिहासात खनिजांच्या प्रकारांत क्रमाक्रमाने वाढ होत गेली आणि त्याच इतिहासात जीवसृष्टीचाही विकास झाला. या दोन घटना एकमेकींपासून अलग नसून एकीमुळे दुसरीस चालना मिळत गेली, या संकल्पनेस खनिजे व जीवसृष्टी यांची सहउत्क्रांती म्हणतात. ठराविक रासायनिक संघटन आणि अणूंची नियमबद्ध मांडणी असलेला निसर्गनिर्मित घन पदार्थ म्हणजे खनिज होय. क्वॉर्ट्‌झाचा स्फटिक आजचा असो वा ३०० कोटी वर्षांपूर्वीचा असो, त्याचे गुणधर्म तेच असतात. त्यामुळे एखाद्या स्फटिकाला वय असते, परंतु एकंदर खनिजसृष्टीला इतिहास असतो, ही गोष्ट दीर्घकाळ लक्षात घेतली गेली नव्हती. आज मान्यता पावलेल्या खनिजांची संख्या ६,००० हून अधिक आहे. त्यांतील बहुसंख्य खनिजे पृथ्वीच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात नव्हती आणि पृथ्वीवर जीव निर्माण झाले नसते, तर त्यांतील पुष्कळशी कधीच निर्माण झाली नसती.

या इतिहासाचे बहुतेक सर्व टप्पे महाराष्ट्र व त्याच्या लगतच्या प्रदेशांतील खडकांत पाहावयास मिळतात. गडचिरोली, चंद्रपूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत आणि गोव्यात लोहखनिजाचे पट्टित खडक आहेत, नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगॅनिजाचे निक्षेप आहेत, वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा आहे आणि राज्याच्या सु. चार-पंचमांश भागावर दक्षिण ट्रॅपचा काळा पाषाण पसरलेला आहे. या पाषाणावरील काळ्या मातीचे उदाहरण म्हणून बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावच्या परिसराचा विचार पुढे केला आहे. खनिजे आणि जीव यांचा व्यवहार हा केवळ प्राचीन काळी घडून गेलेला नसून शेतकऱ्याच्या नांगराखाली तो आजही चालू आहे, हे तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

संकल्पनेचा इतिहास : एकोणिसाव्या शतकात खनिजांचे वर्गीकरण त्यांच्या रासायनिक संघटनानुसार व स्फटिकरूपानुसार केले जाऊ लागले. जेम्स ड्वाइट डेना या अमेरिकन खनिजवैज्ञानिकांचा या विषयावरील ग्रंथ १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे दीर्घकाळ प्रमाणभूत मानल्या गेल्या. अशा वर्गीकरणात काळाला स्थान नव्हते. जीवसृष्टी ही भूवैज्ञानिक बदल घडवून आणणारी एक प्रबळ शक्ती आहे, हा विचार व्ह्‌लड्यीम्यिर व्हर्नाडस्की (१८६३–१९४५) या रशियन शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये जीवावरणावरील आपल्या ग्रंथात मांडला. त्यानंतर सु. ८० वर्षांनी, म्हणजे २००८ मध्ये, रॉबर्ट हेझन व त्यांचे सहकारी यांनी ‘खनिज-उत्क्रांती’ ही संकल्पना सुसंगत स्वरूपात मांडली व खनिजसृष्टीच्या इतिहासाचे दहा टप्पे पाडले. त्यांच्या मते सूर्यमालेच्या पूर्वी, ताऱ्यांपासून निघालेल्या धुळीत खनिजांचे प्रकार सु. १२ होते. आद्य अशनींत ते सु. ६० झाले व अशनींच्या जनक पिंडांवर उष्णता आणि पाणी यांची क्रिया होऊन सु. २५० पर्यंत पोहोचले. अग्निज क्रिया, ग्रॅनाइटाची निर्मिती व भूपट्टांच्या हालचाली यांमुळे निर्जीव पृथ्वीवर ही संख्या सु. १,५०० पर्यंत जाऊ शकली. यापुढील वाढ मुख्यतः जीवसृष्टीमुळे व जीवांनी हवेत सोडलेल्या ऑक्सिजनामुळे झाली. त्या वेळी ज्ञात असलेल्या सु. ४,३०० खनिजांपैकी सु. दोन-तृतीयांश खनिजांचे अस्तित्व या ना त्या प्रकारे जीवांवर अवलंबून आहे, असा त्यांचा अंदाज होता. २०२२ मध्ये हेझन व शॉना मॉरिसन यांनी खनिजनिर्मितीच्या ५७ रीती वेगळ्या केल्या आणि सु. ८० टक्के खनिजांच्या निर्मितीत पाण्याचा वाटा असल्याचे दाखविले.

निर्जीव पृथ्वी : आरंभीच्या पृथ्वीवर ऑलिव्हीन, पायरोक्सीन, फेल्स्पार यांसारखी शिलारसापासून बनणारी खनिजे प्रमुख होती. पृथ्वीवरील ज्ञात खनिजकणांपैकी सर्वांत जुने कण पश्चिम ऑस्ट्रेलियातील झिर्‌कॉनाचे असून त्यांचे वय सु. ४४० कोटी वर्षे आहे. महाराष्ट्रात दक्षिण ट्रॅपच्या खालचा तळखडक प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीडच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात जे वेधन करण्यात आले, त्यात बेसाल्टाची जाडी सु. ३३८ मी. भरली व त्याखाली हा तळखडक लागला. म्हणजे मराठवाड्याच्या मातीखाली काहीशे मीटर अंतरावर पृथ्वीच्या बाल्यावस्थेतील खडक आहेत.

तत्कालीन वातावरणात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. याचा पुरावा खनिजांनीच जपून ठेवला आहे. पायराइट व युरॅनिनाइट ही खनिजे आजच्या हवेत नदीच्या प्रवाहातून वाहत जाताना लवकरच नाश पावतात. परंतु कर्नाटकातील धारवाड खडकांच्या तळाशी असलेल्या, क्वॉर्ट्‌झाच्या गोट्यांनी बनलेल्या पिंडाश्मात तसेच दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड येथे या खनिजांचे वाहून आलेले, घासून गोल झालेले कण सापडतात. त्या नद्यांवरील हवा ऑक्सिजनरहित होती, असेच यावरून अनुमान करावे लागते.

लोह व मँगॅनीज : ऑक्सिजनरहित समुद्रात लोह विरघळलेल्या स्थितीत राहू शकते. प्रकाशसंश्लेषण करणारे नील-हरित सूक्ष्मजंतू समुद्रात वाढू लागल्यावर त्यांनी बाहेर टाकलेल्या ऑक्सिजनाचा या लोहाशी संयोग झाला व लोहाची अविद्राव्य संयुगे तळाशी साचू लागली. ऑक्सिजनाच्या साहाय्याशिवाय, प्रकाशाच्या बळावर लोहाचे ऑक्सिडीभवन करणारे सूक्ष्मजंतूही आहेत व त्यांचाही या निर्मितीत भाग असावा, असे मानले जाते. लोहखनिजाचे व सिलिकेचे एकाआड एक पातळ थर असलेले हे पट्टित खडक म्हणजे जगातील लोहखनिजाचे सर्वांत मोठे भांडार होय. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी आणि गोव्यातील डिचोली व सांगे या भागांतील लोहखनिजे याच प्रकारच्या खडकांशी निगडित आहेत.

सु. २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात मुक्त ऑक्सिजन साचू लागला. ही घटना खनिजसृष्टीच्या इतिहासातील सर्वांत मोठी क्रांती होय. लोह, तांबे, युरेनियम, मँगॅनीज इ. मूलद्रव्यांच्या अनेक ऑक्सिडीभूत अवस्था शक्य झाल्या व त्यांच्यापासून हजारो नवी खनिजे बनली. तांब्याचे हिरवे मॅलॅकाइट व निळे अझुराइट ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. चंद्रावर पाणी जवळजवळ नाही, ऑक्सिजनयुक्त हवा नाही व जीवही नाहीत. तेथील खनिजांचे प्रकार पृथ्वीच्या मानाने फारच थोडे आहेत.

मँगॅनिजाचे ऑक्सिडीभवन होण्यास लोहापेक्षा अधिक प्रबळ ऑक्सिडीकारक परिस्थिती लागते. त्यामुळे मँगॅनिजाचे मोठे निक्षेप हे ऑक्सिजनाच्या वाढीचे निदर्शक समजतात. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील आणि मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील सौसर गणाचे निक्षेप मूळचे समुद्रतळावरील गाळ होते. पुढे उष्णता व दाब यांमुळे त्यांचे रूपांतरण होऊन ब्राउनाइट, स्पेसर्टाइन गार्नेट इ. खनिजे तयार झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील लुइस ली फर्मर यांनी या निक्षेपांचा सविस्तर अभ्यास करून १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केला. येथील वैशिष्ट्यपूर्ण मँगॅनीजयुक्त खडकास त्यांनी या प्रदेशातील गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघणारे धातुक अशा रीतीने दुहेरी वारसा सांगते. त्याची साठवण ऑक्सिजनयुक्त समुद्रात झाली व त्याचे आजचे रूप भूगर्भातील उष्णतेने घडविले.

चुनखडक, कवचे व हाडे : सूक्ष्मजंतूंच्या थरांवर कॅल्शियम कार्बोनेट साचून व गाळ अडकून बनलेल्या स्तरित रचनांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. कर्नाटकात बागलकोट परिसरातील कलादगी खडकांत त्या चांगल्या दिसतात. राजस्थानात उदयपूरजवळील झामरकोटडा येथे अशाच रचनांत फॉस्फेटाचा समृद्ध साठा असून त्याचा उपयोग खतनिर्मितीसाठी केला जातो. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील पैनगंगा गणाच्या चुनखडकांवर विदर्भातील सिमेंट उद्योग अवलंबून आहे.

सु. ५४ कोटी वर्षांपूर्वी, कॅम्ब्रियन कालखंडाच्या आरंभी, प्राण्यांनी कवचे व सांगाडे बनविण्यास प्रारंभ केला आणि खनिजनिर्मिती प्रत्यक्ष शरीरांत होऊ लागली. शिंपल्यांत कॅल्साइट व अॅरॅगोनाइट, हाडांत व दातांत अॅपेटाइट, तर गवताच्या पानांत ओपल स्वरूपातील सिलिका असते. गवताची पाती हाताला कापतात, त्याचे एक कारण या सिलिकेचे सूक्ष्म कण हे होय. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळील पिसदुरा हे गाव डायनोसॉरांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे असे सिलिकाकण सापडल्याचे वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, हा तोपर्यंतचा समज त्यामुळे बदलावा लागला. गवत कुजून गेले, प्राणी नाहीसे झाले, परंतु पात्यात बनलेल्या खनिजाने सु. साडेसहा कोटींहून अधिक वर्षे साक्ष राखली.

कोळसा व मृत्तिका : सु. ४० कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर पसरल्या. त्यांच्या मुळांनी खडक फोडले, मुळांतून पाझरणाऱ्या अम्लांनी खनिजे विरघळविली आणि मृत्तिका खनिजांच्या, म्हणजे चिकणमातीतील खनिजांच्या, निर्मितीचा वेग वाढला. दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून दगडी कोळसा बनला. चंद्रपूर जिल्ह्यातील व वर्धा खोऱ्यातील इतर कोळसा, तसेच कामठी व उमरेड येथील कोळसा हा गोंडवनी खडकांतील असून तो पर्मियन कालखंडातील, सु. २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या निर्मितीत ग्लॉसोप्टेरिस व तत्सम वनस्पतींचा मोठा वाटा होता. कोळसा हा काटेकोर अर्थाने खनिज नव्हे, तो खडक आहे. मात्र दलदलीतील सूक्ष्मजंतूंनी सल्फेटाचे क्षपण केल्यामुळे कोळशाच्या थरांत पायराइटासारखी खनिजे बनतात. खाण उघडल्यावर याच पायराइटाचा हवेशी व पाण्याशी संबंध येऊन अम्लधर्मी पाणी पाझरू लागते.

दक्षिण ट्रॅप : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हा उद्रेकांनी मध्य व पश्चिम भारत झाकला. या बेसाल्टाने आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. त्याची मूळ खनिजे मोजकीच असून त्यांत प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरोक्सीन व लोह-टिटॅनियमाची ऑक्साइडे ही मुख्य होत. लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे उष्ण पाण्याच्या क्रियेने स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट इ. झिओलाइटे व त्यांच्यासमवेत आढळणारे अॅपोफायलाइट ही खनिजे तयार झाली. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतील निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहे. या सुंदर खनिजांच्या निर्मितीस उष्णता, पाणी व बेसाल्टाचे घटक एवढे पुरेसे असते. खनिजसृष्टीतील प्रत्येक वैविध्याचे श्रेय जीवांना देता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दोन उद्रेकांमधील काळात मात्र जीवसृष्टी त्या प्रदेशात परतत असे. नागपूर परिसरातील ट्रॅपमधील गाळाचे थर स्टीव्हन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासिले. अशा थरांत तळ्यांतील गोगलगाई व वनस्पती यांचे अवशेष सिलिकेने भरले जाऊन टिकून राहिले आहेत. मुंबईत वरळी येथील अशाच थरांतून बेडकांचे जीवाश्म मिळाले. लाव्ह्याच्या थरांमध्ये ठिकठिकाणी दिसणारे तांबड्या मातीचे पट्टे हे उद्रेकांच्या विरामकाळी झालेल्या वातावरणक्रियेचे फळ असून त्यांचा तांबडा रंग ऑक्सिजनयुक्त हवेने लोहावर केलेल्या क्रियेची खूण आहे. कोयना परिसरात केलेल्या खोल वेधनातून मिळालेल्या बेसाल्टाच्या व त्याखालील ग्रॅनाइटाच्या नमुन्यांतही सूक्ष्मजंतू आढळले आहेत.

चकलांब्याची काळी व पांढरी : चकलांबा गोदावरीच्या दक्षिणेस, ट्रॅपच्या पठारी प्रदेशात आहे. बीड जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० मिमी. च्या आत असून तेही अनिश्चित असते. या भागातील विहीर पाहिली असता सर्वसाधारणपणे वर काळी माती, तिच्या खालच्या भागात चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम व अखेरीस काळा पाषाण असा क्रम दिसतो. हा क्रम खालून वर वाचला म्हणजे बेसाल्टाची खनिजे जीवांच्या संगतीत कशी बदलत गेली, हे कळते.

मुळांच्या व मातीतील सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहा ते शंभर पट असू शकते. तो पाण्यात विरघळून सौम्य अम्ल बनते व ते फेल्स्पार आणि पायरोक्सीन यांचे विघटन करते. त्यातून सुटलेल्या सिलिका, अॅल्युमिनियम, लोह व मॅग्नेशियम यांपासून स्मेक्टाइट गटाची मृत्तिका खनिजे बनतात. त्यांच्या पापुद्र्यांसारख्या थरांमध्ये पाणी शिरते, म्हणून काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. वरची माती व पालापाचोळा या भेगांत पडतो आणि खालची माती वर लोटली जाते. यामुळेच ही जमीन आपली नांगरट आपणच करते, असे म्हणतात. मातीचा काळा रंग पाहून तीत सेंद्रिय द्रव्य विपुल असावे असा समज होतो. प्रत्यक्षात सेंद्रिय कार्बनाचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहून कमी असते. हे अल्प द्रव्य मृत्तिकेच्या कणांशी घट्ट बांधले गेल्यामुळे व लोह-टिटॅनियमाच्या काळ्या खनिजांमुळे तो रंग येतो.

विघटनातून सुटलेले कॅल्शियम कोरड्या हवामानात पुरेसे वाहून जात नाही. मातीतील पाणी आटले अथवा त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला की, ते कॅल्साइटाच्या रूपाने साचते. शेतकरी ज्याला चुनखडी म्हणतात ती हीच. मुळांभोवती व बुरशीच्या तंतूंभोवतीही असे कॅल्साइट जमते. तेव्हा काळी माती व चुनखडी ही दोन्ही बेसाल्ट, पाऊस आणि जीव यांची संयुक्त निर्मिती होय.

या संदर्भात नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन संस्थेत (स्थापना १९७६) झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. काळ्या मातीत जेवढे स्मेक्टाइट आहे, तेवढे आजच्या अर्धशुष्क हवामानात तयार होऊ शकत नाही. ते पूर्वीच्या अधिक दमट हवामानात बनले असून आजच्या मातीला वारशाने मिळाले आहे. आजच्या हवामानात जे मुख्यतः घडते ते कॅल्शियम कार्बोनेटाचे साचणे. कॅल्शियम अशा रीतीने अडकून पडल्याने मातीच्या कणांवर सोडियमाचे सापेक्ष प्रमाण वाढते, कण विस्कटतात व पाणी मुरणे अवघड होते. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. वाहून गेलेली काळी माती आताच्या हवामानात पुन्हा तशीच भरून येणार नाही. उलट तिच्यातील सजीव घटक राखले, सेंद्रिय द्रव्य वाढविले व पिकांची मुळे तिच्यात कार्यरत ठेवली, तर साचलेल्या चुनखडीतील काही कॅल्शियम पुन्हा विरघळून मातीस उपलब्ध होते. म्हणजे जीवांमुळे जे खनिज साचले, त्याचा उपयोग पुन्हा जीवांच्याच साहाय्याने करून घेता येतो.

मराठी ग्रामव्यवस्थेत लागवडीच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. जुन्या वस्तीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, हाडे, मातीच्या भिंतींचा चुरा हे साचून माती फिकी व फॉस्फेटयुक्त होते. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्त्यांची टेकाडे ओळखताना या पांढऱ्या मातीची मदत घेतात, तर शेतकरी तीच माती खत म्हणून शेतात टाकीत आले आहेत. जनावरांच्या मूत्रातील नायट्रोजनापासून सूक्ष्मजंतू नायट्रेटे बनवितात. भारतात, विशेषतः बिहारमध्ये, गावच्या अशा मातीतून सोरा काढीत असत व त्याचा उपयोग बंदुकीच्या दारूसाठी होई. काळी व पांढरी ही नावे महसुली व्यवहारात रूढ झाली असली, तरी सजीवांनी व माणसांनी घडविलेल्या दोन भिन्न खनिजसंचांचे ते अचूक वर्गीकरणही आहे.

लोणारची नोंद : याच ट्रॅप प्रदेशात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे उल्काघाताने बनलेले सु. १·८ किमी. व्यासाचे विवर आहे. त्यातील सरोवराचे पाणी अत्यंत क्षारधर्मी असून पूर्वी तेथून पापडखार व इतर सोडाक्षार काढीत असत. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी दिसू लागले, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आढळून आले. सरोवराच्या तळगाळात गेल्युसाइट या सोडियम-कॅल्शियमाच्या कार्बोनेट खनिजाचे स्फटिक काही ठराविक थरांतच मिळतात. पाणी दीर्घकाळ आटत गेले असतानाच ते बनते. त्यावरून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या काळात दीर्घ अवर्षणे झाल्याचे अनुमान २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यासाठी ही नोंद उद्‌बोधक आहे. लिखित साधने जेथे पोहोचत नाहीत, तेथील दुष्काळांचा इतिहास अशा खनिजांत मिळतो.

खनिजांचा जीवांवरील प्रभाव : सहउत्क्रांतीची दुसरी बाजू म्हणजे खनिजांनी जीवसृष्टीस दिलेले साहाय्य. जीवाच्या उत्पत्तीपूर्वी सेंद्रिय रेणू मृत्तिकेच्या पृष्ठावर एकत्र येऊन जुळले असावेत, असा विचार जे. डी. बर्नाल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. ग्रॅहम केर्न्स-स्मिथ यांनी मृत्तिका स्फटिकांनाच आद्य आनुवंशिक द्रव्य मानले, तर गुंटर व्हेख्टर्सहॉयझर यांनी १९८८ मध्ये पायराइटाच्या पृष्ठावर जीवनक्रियांचा आरंभ झाला असावा, असे प्रतिपादन केले. ही मते सिद्ध झालेली नाहीत. तथापि आजच्या सर्व ज्ञात जीवांत लोह व गंधक यांचे समूह असलेली प्रथिने आढळतात, ही वस्तुस्थिती लक्षणीय आहे. रक्तातील लोह, हाडांतील फॉस्फेट, काही सूक्ष्मजंतूंच्या पेशींत बनणारे व त्यांना दिशा दाखविणारे मॅग्नेटाइटाचे कण हीही या संबंधाचीच उदाहरणे होत.

आक्षेप व मर्यादा : खनिजांना प्रजनन नाही व त्यांच्यात आनुवंशिकताही नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत ‘उत्क्रांती’ हा शब्द डार्विन यांच्या अर्थाने वापरता येत नाही. काळाच्या ओघात प्रकार वाढत गेले व जटिलता वाढली, एवढाच त्याचा येथे अर्थ आहे. जुने खडक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले असल्यामुळे प्राचीन काळातील खनिजप्रकारांची गणना अंदाजानेच करावी लागते. एखादे खनिज जीवांनी प्रत्यक्ष बनविले, जीवांनी बदललेल्या परिस्थितीत बनले की केवळ योगायोगाने त्यांच्या सान्निध्यात बनले, हे ठरविणेही अनेकदा कठीण असते.

महत्त्व : या अभ्यासाचा उपयोग खनिज-पूर्वेक्षणात तसेच इतर ग्रहांवरील जीवांच्या शोधात होतो. कच्छमधील माताना मढ येथील जॅरोसाइटाची तुलना मंगळावर सापडलेल्या जॅरोसाइटाशी केली जाते, ती या दृष्टीनेच. मानवाच्या उद्योगांनीही खनिजसृष्टीत भर घातली आहे. तोवर मान्यता मिळालेल्या ५,२०८ खनिजांपैकी २०८ खनिजे प्रामुख्याने खाणकाम, धातुशुद्धी इ. मानवी व्यवहारांमुळे निर्माण झाल्याचे २०१७ मध्ये दाखविण्यात आले.

सहउत्क्रांतीच्या इतिहासातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र खनिजसंपत्तीच्या वापरासंबंधीचा आहे. ज्या समुद्रात पट्टित लोहखनिज साचले, तो ऑक्सिजनरहित समुद्र आता नाही. ज्या दलदलींत वर्धा खोऱ्यातील कोळसा बनला, त्या दलदली व त्यांतील वनस्पती नाहीशा झाल्या आहेत. काळ्या मातीतील मृत्तिका ज्या दमट हवामानात तयार झाली, ते हवामानही पालटले आहे. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाचे खाणकाम थांबविण्यात आले व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. पुढे लिलावाने नवे पट्टे देण्यात आले. या घटनांच्या निमित्ताने उत्खननाच्या मर्यादेविषयी जी चर्चा झाली, ती कायदा व पर्यावरण या अंगांनी झाली. तिला काळाचे अंगही आहे. हे साठे नैसर्गिक असले, तरी ते एका विशिष्ट काळातील विशिष्ट जीवांच्या व खडकांच्या संयोगाने निर्माण झालेले आहेत आणि तो संयोग पुन्हा घडणारा नाही. लोहखनिज व कोळसा यांचा वापर काटकसरीने करणे एवढेच मानवाच्या हाती आहे. मातीच्या बाबतीत मात्र त्याहून अधिक करता येते, कारण तिच्यातील जीव व खनिजे यांचा व्यवहार अद्याप थांबलेला नाही. बांधबंदिस्ती करून माती अडविणे व सेंद्रिय खताने तिच्यातील जीव राखणे, ही चकलांब्यासारख्या गावांतील शेतकऱ्यांची परिचित कामे या दीर्घ इतिहासाचाच पुढचा टप्पा होत.